माळ्यावरून मांडवात

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सजावट समितीच्या वतीने दोन शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं आहे. दोन शब्दांत आटोपणारी मी नाही, हे बाईंना दहावीपासून माहीत आहे. तेव्हा दहा मिनिटं धरून चला.

सकाळपासून पुष्कळांनी विचारलं, डेकोरेशन कुणाला दिलं होतं? कुणालाच नाही. या सभागृहात आज भाड्याने आणलेल्या गोष्टी दोनच, खुर्च्या आणि माइक. बाकी सगळं तुमच्याआमच्या माळ्यावरून, पलंगाखालून आणि 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून बांधून ठेवलेल्या खोक्यांतून आलं आहे.

आपल्या वेळी गॅदरिंग म्हटलं की थर्माकोलची अक्षरं आणि त्यावर चमकी. दुसऱ्या दिवशी त्याचे पांढरे दाणे मैदानभर उडायचे आणि शिपाईमामा ते झाडत बसायचे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलची सजावट आणि ताटवाट्या यांवर बंदी आणली. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभरही बंदी आहे. म्हणजे तो रस्ता तसाही बंदच होता. पण समितीच्या पहिल्या बैठकीत मी जुन्या वस्तूंचं नाव काढलं, तेव्हा एकाने सरळ विचारलं, ''इतक्या वर्षांनी लोक येणार, आणि आपण त्यांच्यापुढे भंगार मांडणार?''

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणून आधी आजूबाजूला काय आहे ते सांगते.

व्यासपीठाच्या तिन्ही बाजूंनी जे कापड फिरलं आहे, ती नऊवार लुगडी आहेत. एक नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. दोन लुगड्यांत स्टेज झाकलं जातं, शिवण घालावी लागत नाही. अंगावर नेसण्याजोगी ती राहिलेली नाहीत, मधलं अंग विरलं आहे. पण काठ अजून शाबूत आहेत, म्हणून काठ दर्शनी ठेवून विरलेला भाग मागे चुण्यांत घेतला. दारावरचं तोरण लग्नपत्रिकांचं आहे. जाड कागद, सोनेरी छपाई आणि गणपती आयताच. मधल्या माळांचा कागद मात्र ज्यांनी ओळखला त्यांना शाबासकी. ती '२१ अपेक्षित'ची पानं आहेत. एवढ्या वर्षांत त्यांचा एवढा चांगला उपयोग पहिल्यांदाच झाला.

कोपऱ्यांतले दिवे म्हणजे उभ्या किसण्या आणि दोन पुरणयंत्रं. आत छोट्या दिव्यांची माळ सोडली की भिंतीवर जाळी उमटते. ज्योत ठेवायची नाही, एलईडीच. कारण वर लुगडी आहेत. खिडकीत लटकतात त्या चकलीच्या सोऱ्याच्या चकत्या. शेवेची, चकलीची, प्रत्येकीची सावली वेगळी. त्यांच्यामध्ये फिरतात त्या जुन्या सीडी. सीडीवर माहितीच्या वळ्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या सहाशेव्या भागाएवढं असतं, म्हणून उन्हात त्या इंद्रधनुष्य पाडतात. त्यातल्या काहींवर 'प्रोजेक्ट फायनल' आणि 'प्रोजेक्ट फायनल नवीन' असं लिहिलेलं आहे. माझ्या धंद्यातल्या लोकांना यावर हसू येईल.

तुमच्या छातीवरच्या नावाच्या पट्ट्या बाद कीबोर्डांच्या कळांच्या आहेत. एका कीबोर्डात 'ए' एकच असतो आणि आपल्या मराठी नावांना तो दोन-तीनदा लागतो. ऑफिसातल्या भंगारातून किती कीबोर्ड मागून आणले ते विचारू नका. ज्यांच्या नावात 'ए'च्या जागी उलटा 'व्ही' दिसतोय, त्यांनी समजून घ्यावं.

आता जेवणाचं टेबल. मिसळणाचे डबे तिथे आहेत. एका डब्यात सात वाट्या. त्यांत सात कोरड्या चटण्या. पानाच्या डब्यांत बडीशेप, लवंग, ओवा. उपड्या तपेल्यांवर पाट ठेवून दोन मजले केले आहेत. वर केळीचं पान, त्यावर लाडू. कान तुटलेल्या कपांत तुळशीची रोपं आहेत, ती जाताना बाईंसाठी आणि सरांसाठी.

हे करताना आम्ही तीन नियम घातले होते. घरी कुणी असा समारंभ करणार असेल तर उपयोगी पडतील, म्हणून सांगते.

पहिला नियम, जी वस्तू अजून तिच्या मूळ कामाला येते, ती मोडायची नाही. पुरणयंत्राला भोक पाडायचं नाही, पाटावर रंग द्यायचा नाही, भांड्याला गोंद लावायचा नाही. सगळं दोऱ्याने, चिमट्याने किंवा नुसतं टेकवून. उद्या होळी आली की पुरणयंत्र पुन्हा पुरणाला गेलं पाहिजे. आम्ही संगणकवाले 'अन्डू'वर जगतो. तोच न्याय इथे लावला.

दुसरा, जे पूर्वीपासून अन्नासाठी वापरात होतं, त्यातच अन्न ठेवायचं. सर्किट बोर्डाच्या ताटल्या दिसायला फार सुंदर होतात. पण जुन्या बोर्डांच्या डाखेत शिसं असतं, म्हणून ते टेबलाच्या जवळही आणले नाहीत. वर्तमानपत्राच्या पुड्यांत भेळ द्यावी, असं एकाने सुचवलं. छपाईच्या शाईमुळे वर्तमानपत्रात अन्न देऊ नये, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच सांगितलं आहे. म्हणून भेळ पळसाच्या द्रोणात आहे.

तिसरा नियम पितळ-तांब्याचा. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला की कळकतो, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता माहीत होतं. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसायचा. आणि क्षणात आतून चांदी. ते कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही. आज ज्या भांड्यांची कल्हई शाबूत नाही, त्यांत फक्त चिवडा आणि लाडू आहेत. कोशिंबीर आणि दही काचेत.

आता त्या 'भंगार' प्रश्नाकडे येते.

प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणावी, असा निरोप आम्ही सगळ्यांना पाठवला. वेगवेगळे फोटो येऊ लागले. घंगाळं, समया, तांब्याचे बंब. कुणी लिहिलं, पुण्याच्या तांबट आळीतलं, हाताच्या ठोक्यांचं काम आहे. कुणी किंमत विचारून आलं. दोन दिवसांनी एका मैत्रिणीचा मला फोन आला. तिची परवानगी घेऊन सांगते, नाव सांगत नाही. ती म्हणाली, ''अगं, आमच्याकडे पितळ नाही. माझ्या डिप्लोमाची फी भरायची होती तेव्हा आईने सगळं मोडीत घातलं. दुकानदाराने घट धरली आणि वजनावर पैसे दिले. मी काय आणू?''

मी थोडा वेळ गप्प राहिले. शाळेत आपण शेजारी बसायचो, डबा वाटून खायचो. पण कुणाच्या घरात काय आहे आणि काय राहिलं नाही, हे आपल्याला कुठे ठाऊक होतं? जुन्यातून नवं करणं ही आज हौस आहे, त्याला मॉलमध्ये किंमत आहे. तेव्हा बापाच्या जुन्या पँटची पिशवी दप्तर म्हणून आणणारी मुलं या वर्गात होती. पिशवीवरचा खिसा दिसू नये म्हणून ती बाजू अंगाकडे धरून चालायची. त्या पिशव्या ज्यांनी शिवल्या, त्यांना यातलं जितकं कळत होतं, तितकं मला आजही कळत नाही.

मी तिला म्हटलं, तुझ्या आईने हाताने केलेलं काही आहे का? ती म्हणाली, ''गोधडी आहे. पण जुनेर आहे गं.''

माझ्या मागे, बरोबर मध्ये लावली आहे ती हीच गोधडी. आता जरा नीट बघा. धावदोऱ्याच्या ओळी बाहेरून आत चौकोनात गेल्या आहेत, मध्यापर्यंत. डाव्या कोपऱ्यात निळा तुकडा दिसतो, तो आपल्या शाळेच्या गणवेशाचा आहे. त्यांच्या घरातल्या तिन्ही भावंडांनी तो पाळीपाळीने घातला आणि मग तो इथे आला. या सभागृहातली सगळ्यांत उत्तम सजावट कोणती, असं कुणी विचारलं तर समितीचं एकमत आहे.

ज्याने भंगार म्हटलं होतं, त्याने शनिवारी रात्री बारापर्यंत चिंच आणि मीठ घेऊन भांडी घासली. घासताना त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक भांड्यावर काहीतरी कोरलेलं आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. कुणाच्या आजीचं नाव, कुणाच्या मामाने दिलेला आहेर, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेली वाटी. घरात ती माणसं आता नाहीत, त्यांची नावं उच्चारलीही जात नाहीत. पण वाढताना आज ती वाचली जातील. एका स्टीलच्या ताटलीवर 'लिंबू-चमचा, द्वितीय क्रमांक' असं आहे. ती कुणाची ते शोधा. माणूस इथेच आहे आणि पहिला नंबर कसा हुकला हे अजून सांगतो.

माळ्यावर बांधून ठेवलेली वस्तू जपलेली असते, असं आपण समजतो. खरं तर ती विसरलेली असते. आणि घर रिकामं करायची वेळ आली की कुणीतरी घाईत ती वजनावर देऊन टाकतं. ती मुलांच्या हातात गेली, कुणी 'हे काय आहे?' असं विचारलं, तर ती टिकायची थोडी शक्यता असते. म्हणून वाढदिवस असो, बारसं असो, वर्षातून एकदा तरी माळ्यावर चढा. आणि ज्यांचं मोडीत गेलं, त्यांनी संकोच करू नये. त्या भांड्यांचंही काहीतरी नवं झालंच आहे. आमच्या मैत्रिणीच्या घंगाळाचं शिक्षण झालं.

शेवटी कामाचं. प्रत्येक भांड्याखाली क्रमांकाची चिठ्ठी आहे, यादी माझ्याकडे. आपापलं भांडं धुऊन, पुसून घरी न्यायचं. लुगडी आणि तोरणं एका पेटीत भरून शाळेला द्यायची आहेत, पुढच्या गॅदरिंगसाठी. गोधडी जिची तिला परत जाईल. तिची घडी घालायला दोन माणसं लागतील आणि भांडी विसळायला आठ. मागच्या बाकावरच्यांनी हात वर करावेत, नावं आत्ताच लिहून घेते.