गावे, रस्ते आणि संगणकातील आलेख



आज मी आलेखाविषयी बोलणार आहे. चौकटीच्या कागदावर काढतात तो मात्र नव्हे. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, एवढ्यालाच संगणकशास्त्रात ग्राफ म्हणतात. १७३६ साली ऑयलरने सात पुलांचे प्रसिद्ध कोडे याच विचाराने सोडविले.

आपल्या जिल्ह्याचेच घ्या. हिंगोलीचे शेजारी सेनगाव, औंढा, कळमनुरी. औंढ्याचे हिंगोली व वसमत. ही नोंद पायथॉन भाषेच्या 'डिक्शनरी'त जशीच्या तशी उतरते. नाव दिले की शेजाऱ्यांची यादी मिळते. ग्राफ हा प्रकार मूळ भाषेत तयार नाही; तो आपण बांधायचा. बिंदू घालणे, रेषा घालणे, शेजारी सांगणे ही तीन कामे त्याला शिकवली की मार्ग शोधणारा प्रोग्राम त्यांच्यावर उभा राहतो. बिंदू गाव आहे की माणूस, हे त्याला कळण्याचे कारणच नाही. तोच साचा आपल्या नातेसंबंधांना लावा. आईच्या आईकडे जाऊन तिच्या दुसऱ्या मुलीकडे उतरलो की खाला सापडली! फरक इतकाच की रस्ता जाण्यायेण्याचा असतो, आई-मुलीच्या रेषेला दिशा असते. ते आधी ठरवावे लागते.

परंतु काहीही चालते, यातच धोका आहे. समजा, गावांऐवजी पिनकोड घातले. एकाने हिंगोलीचा ४३१५१३ हा आकडा म्हणून लिहिला, दुसऱ्याने अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून. पायथॉनच्या लेखी ही दोन वेगळी ठिकाणे झाली. सेनगाव एकीला जोडले गेले, औंढा दुसरीला. आता सेनगावच्या मुलीने वसमतच्या परीक्षा केंद्राची वाट विचारली, तर प्रोग्राम चूक न दाखवता शांतपणे सांगेल, रस्ता नाही. यंत्रावर विश्वास ठेवून ती घरीच बसली तर?

यावर उपाय आहे. बिंदू कोणत्याही प्रकारचा असो, पण एका ग्राफमध्ये सगळे एकाच प्रकारचे, अशी अट लिहून ठेवता येते. २०१५ सालच्या ३.५ या आवृत्तीपासून त्यासाठी पायथॉनमध्ये ठरलेली पद्धत आहे. मात्र चालताना भाषा ही अट तपासत नाही. 'मायपाय'सारखा तपासनीस प्रोग्राम वेगळा चालवावा लागतो, आणि आळशी विद्यार्थी नेमके तेच टाळतो.

संगणक म्हणजे टायपिंग, असे समजणाऱ्या पालकांनी मुलांना आज घरी एक काम द्यावे. आपल्या गावापासून शाळेपर्यंतच्या वाटा बिंदू-रेषांनी काढायच्या आणि प्रत्येक बिंदूपुढे त्याचे शेजारी लिहायचे. त्याला अजून संगणक लागत नाही.