हवेची उशी आणि चालकाचा पाय
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मोटारगाडीतील सुरक्षितता हा गाडीवाल्यांचा विषय आहे, कष्टकऱ्यांच्या कार्यकर्त्यांनी त्यात वेळ का दवडावा, असा आक्षेप शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत तरी कोणी घेऊ नये. या देशातील मोटारींच्या सुरक्षिततेचे एक महत्त्वाचे पान शिरूर तालुक्यातल्या रांजणगावी लिहिले गेले आहे. फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतील तेथील कारखान्यात बनणाऱ्या टाटा नेक्सॉन या गाडीला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या कोणत्याही गाडीला त्यापूर्वी पाच तारे मिळाले नव्हते. त्या गाडीत एअरबॅगा किती होत्या? दोन. त्याच वर्षी काही महिने आधी तिला चार तारे मिळाले होते. पाचवा तारा मिळविण्यासाठी पट्टा न लावल्यास इशारा देणारी घंटी समोरच्या दोन्ही आसनांना सरसकट बसविण्यात आली आणि बाजूच्या धडकेची परीक्षा गाडीने पार केली. एअरबॅगा दोनच्या दोनच राहिल्या.

हा तपशील मुद्दाम ध्यानात ठेवावयाचा, कारण त्यानंतरच्या काळात एअरबॅगांची संख्या हाच सुरक्षिततेचा भाव होऊन बसला. कायद्याने चालकापुढील एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची केली. शेजारच्या प्रवाशाची सक्ती २०२१ मध्ये आली. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा काढला, ती मुदत पुढे ढकलली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अशी सक्ती करणार नाही असे मंत्र्यांनी सांगून टाकले. सक्ती गेली तरी जाहिराती राहिल्या. विक्रेत्याच्या दुकानात 'सहा आहेत' हे वाक्य ज्या तोऱ्याने उच्चारले जाते, तो तोरा पट्ट्याच्या वाट्याला कधी आला नाही. पट्टा स्वस्त असतो, हे त्याचे दुर्दैव.

वस्तुतः एअरबॅग ही पट्ट्याची दुय्यम जोडीदारीण आहे. तिच्या इंग्रजी नावातच 'पूरक' हा शब्द आहे. गाडी आदळताच संवेदक तो धक्का ओळखतो, एक छोटा रासायनिक स्फोट घडतो आणि सेकंदाच्या साधारण तीन शतांशात, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, पिशवी वायूने भरते. लगेच ती मागील छिद्रांतून वायू सोडू लागते, म्हणजे शरीर तिच्यात हळू रुतावे. पट्ट्याने बांधलेले शरीर त्या क्षणी जागेवर असते. न बांधलेले शरीर पुढे फेकले गेलेले असते आणि फुगलेल्या उशीऐवजी फुगत असलेला स्फोट त्याच्या छातीवर येतो. म्हणूनच सुकाणूच्या मध्यापासून छाती निदान पंचवीस सेंटिमीटर दूर असावी, आणि समोरच्या आसनावर आईच्या मांडीवर मूल कधीही नसावे, असे सांगितले जाते. मांडीवरचे मूल म्हणजे आई आणि तो स्फोट यांच्यामध्ये ठेवलेले मूल.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा जो अपघाती मृत्यू झाला, त्याने ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला दाखविली. मर्सिडीज गाडी, एअरबॅगांची वाण नाही. मागच्या आसनावरील मिस्त्री आणि जहांगीर पंडोल या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, दोघेही दगावले. पुढच्या आसनांवरील दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर काही दिवस मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. दुसरीकडे पट्ट्याच्या खाचेत अडकवून इशाऱ्याची घंटी बंद पाडणाऱ्या खोट्या कड्या राजरोस विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना त्या विक्रीतून काढावयास लावल्या, तेव्हा अशा १३,११८ जाहिराती हटविल्या गेल्या. जी घंटी बसविली म्हणून रांजणगावच्या गाडीचा तारा वाढला, तीच घंटी गप्प करण्याचा हा बाजार!

आता याच दोन तालुक्यांतून जाणाऱ्या अष्टविनायक यात्रेच्या गाड्या पाहाव्यात. रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन शिरूर-न्हावरे-चौफुला मार्गे दौंडकडे आणि तेथून भीमेपलीकडील सिद्धटेकला जाणाऱ्या गाड्यांमध्ये समोरच्या फळीवर गणपतीची मूर्ती चिकटविलेली असते, पुष्कळदा नेमकी एअरबॅगच्या झाकणावर. भक्तीविषयी येथे काही म्हणणे नाही. परंतु पिशवी उघडताना ते झाकण ज्या वेगाने फेकले जाते, त्याच वेगाने धातूची मूर्ती प्रवाशाच्या तोंडावर येते. मूर्तीची जागा चार बोटे बाजूला सरकविली तर देव रागावणार नाही. आसनाच्या कडेला एअरबॅग असेल तर वरून शिवून घेतलेले घट्ट आवरण ती अडविते. आणि पुढच्या बंपरवर लावलेले लोखंडी गार्ड तर संवेदकालाच फसवितात. ते काढून टाकावेत असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले. त्या आदेशाची अंमलबजावणी कितपत झाली हे तालुक्याच्या कोणत्याही राजकीय मेळाव्याबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवरून समजते. आपल्या सभाही त्याला अपवाद नसाव्यात.

येथवर धडक झाल्यानंतरचा विचार झाला. धडक होते ती वेगामुळे, आणि वेगाचा विचार करू लागले की सुरक्षिततेचा धागा थेट इंधनाशी जाऊन मिळतो. त्यासाठी सध्या गाजत असलेल्या प्लग-इन हायब्रीड गाडीकडे पाहावे. रांजणगावी २०१७ पासून बनत असलेल्या जीप कंपासचीच अशी आवृत्ती इटलीतील मेल्फी येथे बनविली गेली आणि युरोपात विकली गेली. या गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटार अशी दोन यंत्रे असतात. घरी किंवा केंद्रावर तार जोडून बॅटरी भरावयाची, पहिले काही किलोमीटर विजेवर जावयाचे, मग इंजिन चालू होते. चालकाने पाय हलकेच उचलला की मोटार उलट जनित्र बनते आणि गाडीच्या गतीतून बॅटरीत वीज परत जाते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की तीच गती उष्णता होऊन वाऱ्यावर जाते.

यंत्र उत्तम आहे यात वाद नाही. तथापि युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरील गाड्यांची नोंद तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रीड गाड्यांचे कार्बन-उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट निघाले. गाड्या कमी वेळा चार्ज केल्या जातात आणि पेट्रोलवरच अधिक धावतात, हे त्याचे मुख्य कारण. न भरलेली बॅटरी म्हणजे गाडीत कायमचे ठेवलेले ओझे. बॅटरी रात्री भरणे, टायरमधील हवा ठीक ठेवणे, पुढचा सिग्नल वा गतिरोधक दुरून पाहून पाय आधीच उचलणे, या साध्या सवयींवर त्या महाग यंत्राचा सारा लाभ अवलंबून आहे. आणि सर्वांत मोठी सवय म्हणजे वेग.

गणित सोपे आहे. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग घेतला तर वेग सव्वापट होतो. हवेचा विरोध मात्र दीडपटीहून अधिक वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडी आदळली तर जी ऊर्जा माणसांच्या अंगावर येते, तीही वेगाच्या वर्गानेच वाढते, म्हणजे पुन्हा दीडपटीहून अधिक. (वर्ग हा शब्द येथे गणितातला आहे, दुसऱ्या अर्थाने तो पुढे येणारच आहे.) इंधन जाळणारा आणि जीव घेणारा नियम एकच. तीस किलोमीटरच्या अंतरात या जादा वेगाने वाचतात साडेचार मिनिटे.

याचा पुरावा इतिहासात आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने पेट्रोल वाचविण्यासाठी, केवळ त्याचसाठी, जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही देशव्यापी वेगमर्यादा आणली. १९७३ मध्ये तेथे रस्त्यांवर ५४ हजारांवर माणसे मेली होती. १९७४ मध्ये ती संख्या सुमारे ४५ हजारांवर आली. टंचाईमुळे लोकांनी प्रवासच कमी केला, हाही त्याचा एक भाग होता. परंतु जीव वाचविण्याचा हेतू नसलेल्या कायद्याने जीव वाचविले हे नाकारता येत नाही. त्या काळी गाडीत एअरबॅग जवळजवळ नव्हतीच.

मग प्रश्न असा की हा वेग ठरवितो कोण? गाडी चालविण्यावरची पुस्तके चालकाला उपदेश करतात. पण पुणे-अहिल्यानगर किंवा पुणे-सोलापूर रस्त्यावर धावणाऱ्या भाड्याच्या गाडीचा चालक स्वतःच्या घाईने क्वचितच धावतो. फेरीवर पैसे मिळत असतील तर घाई त्याच्या पोटात असते. पाळी सुरू होण्याआधी कामगार कारखान्याच्या दारात पोहोचलाच पाहिजे, नाहीतर कंत्राट जाईल, ही घाई कंत्राटदाराची. साहेबाचे विमान चुकता कामा नये, ही साहेबाची. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाचे आठ तास ठरविले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या श्रमसंहितेतही आठ तासांचे तत्त्व आहे. खासगी मालकाच्या गाडीवरील चालक मात्र १९६१ च्या कायद्याच्या कक्षेत कधी आलाच नव्हता. गाडीत सहा एअरबॅगा आणि तिच्या सुकाणूवर चौदा तास जागा असलेला माणूस, ही व्यवस्था सुरक्षित म्हणवून घेऊ शकत नाही. कार्यकर्त्यांनी कंत्राटदाराशी बोलताना चालकाच्या झोपेचे तास आणि फेरीचा वास्तव वेळ हे मुद्दे पगाराच्या बरोबरीने मांडावेत.

आता तो दुसरा वर्ग. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत दुचाकीवरील ७४,८९७ आणि पादचारी ३२,८२५ होते. मेलेल्या दर तिघांमागे जवळजवळ दोघे असे, की ज्यांच्यापुढे कोणतीही पिशवी फुगणार नव्हती. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते गेले, ते दुचाकीवर होते. शिरूर-दौंड पट्ट्यात हा बाहेरचा माणूस अधिकच उघडा आहे. रांजणगाव वा कुरकुंभच्या वसाहतीतून रात्रपाळी संपवून निघालेला दुचाकीस्वार, गळिताच्या हंगामात पहाटेच्या अंधारात निघालेली उसाची बैलगाडी, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ज्याच्या मागे दिवा नाही आणि चमकपट्टीवर चिखल आहे. आस मोडली की ट्रॉली रस्त्यावर उभी राहते, भोवती दगड मांडले जातात, ट्रॉली गेल्यावर दगड तेथेच राहतात. त्यात विजेवर हळू धावणारी हायब्रीड गाडी आवाजच करीत नाही. गावातल्या पेठेत म्हाताऱ्या माणसाला ती जवळ येईपर्यंत कळत नाही. तेथे पाय उचलण्याची जबाबदारी दुप्पट.

साखर कारखान्यांना आपण जाब विचारू शकतो, कारण ऊस तेथेच वजनकाट्यावर येतो. चमकपट्टी नसलेली ट्रॉली काट्यावरून रिकामी परतण्याआधी तिला पट्टी लावलीच जाईल, एवढा एक नियम कारखान्याने पाळला तरी मोठे काम होईल. ऊसतोड टोळीतला माणूस परजिल्ह्यातून आलेला असतो. पट्टीचा खर्च त्याच्या उचलीतून कापला जाऊ नये.

शेवटी अपघातस्थळाचे काम. हायब्रीड वा विजेच्या गाडीत जाड नारिंगी तारांतून मोठ्या दाबाची वीज वाहते. एअरबॅग उघडली की यंत्रणा सहसा हा प्रवाह आपोआप तोडते, परंतु त्या भरवशावर राहू नये. नारिंगी तारेला हात लावू नये, ती कापू नये. गाडी शांत आहे म्हणजे बंद आहे असे समजू नये. शक्य असल्यास बटणाने बंद करून किल्ली दूर न्यावी. न उघडलेल्या एअरबॅगच्या समोर डोके घालून जखमीला ओढू नये, बाजूने जावे. १०८ किंवा ११२ ला फोन करावा. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवितात ही भीती अजून घर करून आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे आणि मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना आहे; दवाखान्यात पैशासाठी अडवणूक झाल्यास कार्यकर्त्याने तिचा उल्लेख करावा. यवत, पाटस, शिक्रापूर, कारेगाव येथील गॅरेजवाले, रस्त्याकडेच्या हॉटेलांवरील मुले आणि रुग्णवाहिकांचे चालक यांना ही माहिती पहिल्यांदा मिळाली पाहिजे, कारण अपघातस्थळी बहुधा तेच आधी पोहोचतात.