खुर्ची मिळाली, शेत सुटले नाही



दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात होसे मुहिका नावाचा फुलशेती करणारा माणूस होता. तरुणपणी तुपामारो संघटनेत बंदूक घेऊन लढला, वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडला. १९८५ साली सुटला, तो मतपेटीच्या वाटेने गेला. २००५ मध्ये शेतीमंत्री, २०१० ते २०१५ राष्ट्राध्यक्ष. सरकारी वाडा नाकारून शेतावरच राहिला.

२०११ साली त्याने दोन हजार हेक्टरांवरच्या जमीनदारांवर कर बसवला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. २०२५ मध्ये मुहिका गेला.

भावांनो, आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे लढाई संपली, असे समजू नका. तो मातीत पाय ठेवून राहिला, तरी मागे आपली ताकद लागतेच.