निकालाच्या फळ्यावर नसलेली नावे
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की प्रत्येक शाळेच्या दाराशी फळ्यावर शेकडा निकाल लिहिला जातो. आपण तो वाचतो, समाधान पावतो आणि पेढे वाटतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु शिक्षक म्हणून आज मला आपल्यापुढे एक साधे गणित मांडायचे आहे. समजा, आठवीच्या वर्गात ६० मुले होती. त्यातील ४० दहावीच्या परीक्षेला बसली आणि ३६ पास झाली. फळ्यावर निकाल लागेल शेकडा ९०. पण आठवीतल्या साठांचा हिशेब केला तर तो भरतो शेकडा ६०. उरलेल्या विसांपैकी काहींची बदली झाली असेल, काही दुसऱ्या शाळेत गेली असतील. पण बाकीची कुठे गेली? ती नापास झाली नाहीत, कारण ती परीक्षेलाच बसली नाहीत. त्यांचे नाव फळ्यावर नाही आणि आपल्या चर्चेतही नाही. आज मी त्या मुलांविषयी बोलणार आहे.

प्रथम आपल्या वर्गांत कोण बसते ते पाहू. एके काळी पनवेल म्हणजे भाताचा व्यापार, गिरण्या, खाडी आणि मुंबईहून पुण्याला व गोव्याला जाणाऱ्या रस्त्यांचा फाटा, एवढी ओळख होती. वर्गातील बहुतेक मुले कोकणी घरांतली, एकमेकांच्या नात्यातली असत. पुढे सिडकोने नवीन पनवेल वसवले, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे धावू लागली, २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. कामाच्या शोधात माणसे आली. आज एकाच बाकावर कोकणी बोलणारा, मराठवाड्याची दखनी बोलणारा आणि उत्तर प्रदेश-बिहारकडची बोली बोलणारा, असे तिघे बसतात. घरची भाषा एक, शाळेचे माध्यम दुसरे, मराठी व इंग्रजी आणखी वेगळ्या. एकाचे वडील व्यापारी, दुसऱ्याचे आखातात नोकरीला, तिसऱ्याचे कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमालीला. या सर्वांना एकाच प्रश्नपत्रिकेने मोजले जाते.

म्हणून काही जण चटकन म्हणतात, "आपल्या समाजाला शिक्षणाची आवडच नाही." मित्रहो, हे खरे नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांचे साक्षरतेचे प्रमाण शेकडा ७८.१ होते आणि संपूर्ण राज्याचे ७६.९. म्हणजे या राज्यात आपण सरासरीच्या थोडे पुढेच होतो! आपली मुले मदरशातच जातात हा समजही सच्चर समितीने २००६ मध्ये आकड्यांनिशी खोडून काढला. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी शेकडा ३ च्या आसपास असल्याचे तिने दाखवले. मात्र त्याच समितीने हेही सांगितले की, देशातील ६ ते १४ वयाच्या मुसलमान मुलांपैकी चौथा हिस्सा शाळेत कधी गेलाच नाही किंवा मध्येच बाहेर पडला. म्हणजे आपण मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेतो. तो आत किती वर्षे टिकतो हा आपला खरा प्रश्न आहे.

माझ्या अनुभवाने सांगतो, मूल सर्वांत जास्त निसटते ते नववीच्या उंबरठ्यावर. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आठवीपर्यंतच सोबत करतो. नववीत बीजगणित-भूमितीचा पाया कच्चा असल्याचे एकदम उघडे पडते. त्याच वेळी मुलाचे हात कामाला येण्याजोगे होतात. गॅरेजवाला म्हणतो, पाठवा. मामा म्हणतो, दुकानावर बसवा. घरात चार पैसे येतात आणि शाळेचा दाखला पेटीत जातो.

मुलींची गोष्ट उलटी आहे. राज्याच्या दहावीच्या निकालात मुली वर्षानुवर्षे मुलांच्या पुढे आहेत आणि आपल्या वर्गांतही तेच दिसते. पण मुलगा शाळा सोडतो कमाईसाठी, आणि मुलगी पास होऊनही घरी बसते, कारण कॉलेज दूर आहे, सोबत नाही, स्थळ आले आहे. एकाला परीक्षेआधी थांबवायचे आणि दुसरीला परीक्षेनंतर, असा हा आपला व्यवहार आहे.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा रोज उशिरा यायचा. मी त्याला दाराबाहेर उभे करीत असे. शिस्त लावतो आहे असे मला वाटे. दिवाळीनंतर तो आलाच नाही. नियमाप्रमाणे मी त्याचे नाव पटावरून कमी केले. काही महिन्यांनी हायवेवरच्या एका गॅरेजात तो मला दिसला. हात काळे झालेले. त्याने सलाम केला आणि म्हणाला, "सर, अब्बा आजारी होते. सकाळी मीच पाव टाकायला जात होतो." त्याने तक्रार केली नाही. पण मी त्याला इतके दिवस शिक्षा केली आणि एकदाही विचारले नाही, "बाळ, उशीर का होतो?" त्या दिवसापासून तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी मी स्वतः जातो. बऱ्याच वेळा अडचण वीस मिनिटांच्या बोलण्याने सुटणारी असते.

आता पालकांना माझ्या चार विनंत्या.

पहिली. मुलाला आखातात पाठवायचे असले तरी दहावी होऊ द्या. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची नोंद पडते, आणि तिकडेही त्याच्या वाट्याला खालचेच काम येते. ८ ऑक्टोबर २०२५ ला आपल्याच तालुक्यात विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथे आपल्या मुलाने केवळ सामान उचलावे की यंत्रे दुरुस्त करावीत, हे त्याच्या दहावी, बारावी आणि आयटीआयवर ठरेल.

दुसरी. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी, पालिकेच्या व अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना तीत निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. म्हणजे गळतीच्या नेमक्या वर्षांतच ही मदत आहे. वर्गशिक्षकांना भेटून तिची तयारी आठवीच्या सुरुवातीपासूनच करून घ्या.

तिसरी. मुलीला पुढे शिकवा. राज्यात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क माफी आहे. आपल्यातील अनेक बिरादऱ्या ओबीसीत मोडतात. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवशी धावपळ करून तो मिळत नाही.

चौथी. मराठीला परकी समजू नका. घरी उर्दू खुशाल बोला, कोकणी तर बोलाच. पण ज्या राज्यात अर्ज, नोकरी आणि कचेरी मराठीत आहे, तिथे मराठीत पास होण्यापुरते पस्तीस गुण पुरेसे नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, नापास झालात तर लाजून घरी बसू नका. त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. शाळा सुटली असेल तरी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. ज्याचे नाव पटावरून कमी झाले त्याच्यासाठीही दार बंद झालेले नाही, हे तुमच्या शेजारच्या मुलाला जाऊन सांगा.

१८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली, तेव्हा मुलांना शाळेत आणणे हे काम होते. आज त्यांना शाळेत टिकवणे हे आपले काम आहे. संस्थेला माझी नम्र सूचना आहे की, पुढील वर्षापासून निकालाच्या फळ्यावर आणखी एक ओळ लिहावी: आठवीत किती होते आणि त्यातील किती दहावीला बसले. ती ओळ वाचताना सुरुवातीला आपल्याला शरम वाटेल. पण ज्या वर्षी ते दोन आकडे सारखे होतील, त्या वर्षीचे पेढे खरे गोड लागतील.