टीव्ही लागला तेव्हा बायका कुठे होत्या?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला आज ‘माध्यमे आणि स्त्रिया’ हा विषय दिला आहे. या विषयावर बोलताना आपण सहसा पडद्यावरच्या बाईबद्दल बोलतो. ती कशी दाखवली, किती रडवली, किती नटवली. मी आज पडद्यासमोरच्या बाईबद्दल बोलणार आहे. आणि तेही आजच्या नाही, १९८४-८५ सालच्या.

तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. एम.एस.डब्ल्यू. करताना ‘हम लोग’ या मालिकेबद्दल शिकले ती पुस्तकातून. दूरदर्शनची ही पहिली प्रायोजित मालिका. ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, १७ डिसेंबर १९८५ ला संपली, दीडशेहून अधिक भाग झाले. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार केला होता, तोच धडा इथे गिरवायचा होता. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. हे सगळे पुस्तकात होते. पण ही मालिका लागली तेव्हा बायका घरात नेमक्या कुठे होत्या, हे पुस्तकात नव्हते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांबरोबर मी काम करते. गटातल्या साठीच्या, सत्तरीच्या बायकांना मी एकच प्रश्न विचारत गेले. “टीव्ही लागला की तुम्ही कुठे असायचात?”

घोडनदीच्या अलीकडच्या एका गावातली आजी म्हणाली, “गावात एकच टीव्ही. अँटेना सिंहगडाकडं फिरवायचा, तरी निम्म्या मुंग्याच दिसायच्या. गडीमाणसं सोप्यात, पोरं पुढं जमिनीवर, आम्ही बाया दाराआड.” दुसरी म्हणाली, “मी चुलीपुढं. भाकरी थापता थापता ऐकायची. भगवंती दिसायला कशी, ते मला दोन महिने ठावं नव्हतं. आवाजावरून ओळखायची.” दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या ताईंच्या घरी स्वतःचा टीव्ही होता. पण नवरा ड्यूटीवरून यायची तीच वेळ. ताट वाढायचे, पाणी द्यायचे, गरम पोळी करायची. अख्खा भाग त्यांनी सलग कधी पाहिलाच नाही. आणि दलित वस्तीतली एक मावशी म्हणाली, “आम्ही अंगणात. खिडकीतून बघायचं. पाऊस आला की मालिका संपली.”

म्हणजे आपण म्हणतो, सारा देश एक मालिका बघत होता. देश बघत होता खरा, पण कुणी सोप्यातून, कुणी दाराआडून, कुणी चुलीपुढून आणि कुणी अंगणातून. गंमत अशी की मालिकेची प्रायोजक होती दोन मिनिटांत होणाऱ्या मॅगीची कंपनी! दोन-दोन तास भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या कानावर ती जाहिरात पडत होती.

आता मालिकेतल्या भगवंतीबद्दल. दारुडा नवरा, खाष्ट सासू, आणि सगळे मुकाट्याने सोसणारी ही आई. तिच्याकडे बघून बायकांनी विचार करावा, ‘असे सोसू नये’ असे त्यांना वाटावे, हा हेतू होता. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी प्रेक्षकांना विचारले, तेव्हा वेगळेच निघाले. अनेक बायकांना भगवंतीच आदर्श वाटली होती.

आमच्या बायकांनाही मी विचारले. एक म्हणाली, “तिनं सोसलं म्हणून घर टिकलं.” दुसरी म्हणाली, “सासू मला म्हणायची, बघ, ती कशी सोसते. शीक जरा.” म्हणजे सोसण्यावर प्रश्न विचारायला आणलेली मालिका घरात सोसण्याचा धडा म्हणून वापरली गेली!

याच काळातली दुसरी बाई आठवा. १९८२ चा ‘उंबरठा’. तो करणारे डॉ. जब्बार पटेल दौंडला डॉक्टरी करत होते. स्मिता पाटीलने उभी केलेली सुलभा महाजन घर सोडून सुधारगृहाची अधीक्षक होते, आणि परतल्यावर घरात आपली जागा उरली नाही हे पाहून पुन्हा बाहेर पडते. समाजकार्य शिकणाऱ्या आम्हा मुलींना सुलभा आपली वाटते. गावातल्या बायकांना भगवंती आपली वाटली. याचा अर्थ त्या मागासलेल्या होत्या असा काढू नका. सुलभेच्या हातात पदवी होती, नोकरी होती. भगवंती घराबाहेर पडून जाणार कुठे? ४९८अ कलम १९८३ सालीच आले होते, पण ते या बायकांपर्यंत पोचले नव्हते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा यायला २००५ साल उजाडले. बाहेर कुठला दरवाजा उघडा नसला की सोसण्यालाच मोठेपणा द्यावा लागतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. चुलीपुढे बसून मालिका ऐकणाऱ्या त्याच बाईने मला पुढचे सांगितले. “सकाळी नदीवर धुणं धुताना आम्ही बोलायचो. तो बसेसर राम असा, तो तसा. मग एक म्हणायची, आमच्यात बी तसंच हाय. मग दुसरी. मग मी बी बोलले. माझा दादला पितो, हे मी पहिल्यांदा तिथं बोलले.”

मैत्रिणींनो, मला ही फार मोठी गोष्ट वाटते. स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलायची सोय नव्हती, बसेसर रामबद्दल बोलायची होती. मालिकेने बायकांना मुक्त केले नाही. पण नदीवरच्या दगडांपाशी त्यांना बोलायला एक विषय दिला. पुढचे काम त्यांनी एकमेकींच्या जोरावर केले.

आज काय आहे? घरोघरी टीव्ही आहे, बहुतेक घरांत मोबाईल आहे. रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत जाणाऱ्या मुली बसमध्ये मालिका बघतात. उसाच्या फडावर, कोपीतही मोबाईल चालू असतो. दाराआड बसायची गरज उरलेली नाही. पण ती मालिका जिची तिने एकटीने बघायची. नवऱ्याने मोबाईल तपासला, काढून घेतला, अशा तक्रारी आपल्याकडे येतातच. धुणे घरच्या नळावर आले, मशिनमध्ये गेले. सोय झाली, चांगलेच झाले. पण नदीवरची ती बोलायची जागा गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कुणी दिली नाही. ती आजी मला म्हणाली, “आता सगळं बसून दिसतं गं. बोलू कुणाशी?”

आणि संध्याकाळ? ती अजूनही बाईची नाही. आपल्या गटाची बैठक रात्री साडेआठला का ठेवावी लागते? कारण त्याआधी स्वयंपाक उरकत नाही. साडेआठला ठेवली की घरचे म्हणतात, रात्रीचे कुठे चाललात? पन्नाशी-साठीतल्या बायकांची चाळीस वर्षांपूर्वीची अडचण आज त्यांच्या सुनांना जशीच्या तशी आहे.

म्हणून माझे तीन प्रस्ताव आहेत. यावर वाद घाला, पण निर्णय करून उठा.

एक, प्रत्येक गटाने महिन्यातून एकदा मालिकेचा एखादा भाग एकत्र बघावा आणि तो जितका वेळ बघितला त्याच्या दुप्पट वेळ त्यावर बोलावे. कुणी भाषण देऊ नये, मीसुद्धा नाही.

दोन, जागा अशी निवडावी की जिथे कुठल्याही वस्तीतली बाई मोकळेपणी येऊन मधोमध बसेल. कुणाच्याही ओसरीवर नको. शाळेचा वर्ग चालेल, ग्रामपंचायतीचा हॉल चालेल.

तीन, त्या संध्याकाळचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करावा. सुरुवातीला खिचडी चालेल. हे घरात कसे बोलायचे, याची तयारी गटात आधी करून घ्या. तिसरा प्रस्ताव ऐकून तुम्ही हसलात, म्हणजे तोच सगळ्यांत अवघड आहे. तेव्हा चर्चेला सुरुवात त्याच्यापासून करू या.