एकर, गुंठे आणि गणकयंत्र

एखाद्या जुन्या कागदावर जमिनीचें क्षेत्र २.२० असें लिहिलेलें आहे. तें किती समजावयाचें? अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोणताहि शेतकरी चटकन् सांगेल, "दोन एकर वीस गुंठे; अडीच एकर." हाच आंकडा गणकयंत्रास दिला तर तें दोन पूर्णांक दोन दशांश एकर असें वाचतें. एकराचे गुंठे चाळीस. तेव्हां शेतकऱ्याचे गुंठे होतात शंभर, यंत्राचे अठ्ठ्याऐंशी. कोणीं वीतभरहि बांध कोरला नाहीं, आणि बारा गुंठे नाहींसे झाले!

माहितीचें एका जातींतून दुसऱ्या जातींत रूपांतर करतांना असें कां होतें, हें आज पाहूं.

यंत्रांतील माहिती कोष्टकांत ठेवतात, आणि कोष्टकाच्या प्रत्येक स्तंभाची जाति आधीं ठरवावी लागते: हा अक्षरांचा, हा पूर्णांकांचा, हा दशांशांचा, हा तारखांचा. ह्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याच्या भाषेस एस. क्यू. एल. म्हणतात. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्या आय. बी. एम. मधील संशोधकांनीं ती १९७४ सालीं मांडली. तिच्या १९९२ च्या प्रमाण आवृत्तींत जाति बदलण्याची 'कास्ट' ही आज्ञा आली. 'हा मजकूर अंक समजून घे', असें तिनें सांगतां येतें.

ती लागते कशाला? ९ आणि १० हे अक्षरें म्हणून क्रमानें लावले, तर १० आधीं येतो. शब्दकोशांत 'कमळ' हा लांब शब्द 'घर' ह्या आखूड शब्दाच्या आधीं येतो, तसाच हा प्रकार. खरा क्रम हवा तर अंकच करावे लागतात. पण म्हणून सरसकट सगळ्यांचेच अंक करूं नयेत. गट नंबर १२/२ हें दिसावयास अंकासारखें, वस्तुतः जमिनीचें नांव आहे. त्याला 'कास्ट' लावली तर पोस्टग्रेस ही प्रणाली चूक दाखवून थांबते; मायएस्क्यूएल आरंभींचे १२ उचलते, एक इशारा नोंदविते आणि पुढें जाते. पोटहिस्सा गळून पडतो. अशा वेळीं थांबणारा कारकून बरा, रेटून नेणारा नको.

क्षेत्राची गोष्ट याहून नाजूक. दशांशाच्या स्तंभांत २.२० आणि २.२ एकच. मग गुंठे वीस कीं दोन, हें मागाहून कोणीं सांगावें? म्हणून मूळ मजकूर अक्षरांच्या स्तंभांत जसाच्या तसा राखावा. नंतर बिंदूपाशीं त्याचे दोन भाग करावे, दोहोंस पूर्णांक करावें, एकरांस चाळिसांनीं गुणून गुंठे मिळवावे. गुंठ्यांचा भाग चाळीस किंवा अधिक निघाला, तर ती नोंद बाजूस काढून माणसानें तपासावी. जेथें कांहींच लिहिलेलें नाहीं तेथें शून्य भरूं नये. क्षेत्र माहीत नसणें निराळें आणि जमीन नसणें निराळें. एक गुंठा म्हणजे सुमारें १.०११७ आर. ह्या हिशेबानें आपले शंभर गुंठे एक हेक्टर आणि एक आरापेक्षां किंचित् अधिक भरतात.

नगरच्या भूमीला असलीं रूपांतरें नवीं नाहींत. निजामशाहींत मलिक अंबरानें जमीनमहसुलाची व्यवस्था लावली. पुढें पेशवाईंतहि वीस पांडांच्या बिघ्याचा हिशेब चालत असे. इंग्रजी पैमाशीनें एकर-गुंठे आणले. आज सात-बाराच्या उताऱ्यावर हेक्टर-आर आहेत, आणि पारावरच्या बोलण्यांत एकर-गुंठेच. पूर्वीं एका मापाचें दुसरें माप करणारा मनुष्य दोन्ही मापें जाणत असे, आणि त्याची चूक त्याच्या वहीपुरती राही. यंत्र एका आज्ञेसरशीं लाखभर नोंदी बदलतें. आज्ञा चुकली तर तितक्याहि चुकतात, आणि भावांच्या वाटण्या, पीककर्ज, संपादित जमिनीचा मोबदला हें सारें त्यांवरच मोजलें जातें.

तेव्हां घरांतील जीं मुलें-मुली ही विद्या शिकत असतील, त्यांना एवढेंच सांगणें आहे. आज्ञा लिहिण्यापूर्वीं तो आंकडा कोणीं लिहिला आणि कोणत्या मापांत लिहिला, हें गांवच्या माहितगाराला विचारून घ्या. बिंदु यंत्राला दिसतो. बिंदूपुढचे गुंठे त्याला कोणीतरी सांगावे लागतात.