पानामागचा दर आणि मनगटातली कळ



मनगट दुखतं म्हणून बाई दवाखान्यात गेली की पहिला प्रश्न येतो, "धुणं हाताने धुता का?" खापर घरकामावर फुटतं आणि आठ-आठ तासांचा कीबोर्ड नामानिराळा राहतो. म्हणून आज आपण टेबलावरच्या कामाबद्दलच बोलू.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनाबाहेर झेरॉक्स-डीटीपीची दुकानं दिसतात. प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, प्रबंध, पुस्तकं तिथे टाइप होतात, आणि ती टाइप करणाऱ्यांत आपल्यापैकी कितीतरी जणी असतात. टाइपरायटरवर ओळ संपली की हात उचलून कॅरेज सरकवावं लागे, पान संपलं की कागद बदलावा लागे. तेवढ्यात बोटं सैल होत, मान वर होई. संगणकावर ओळ आपोआप खाली उतरते. ती छोटीशी सुटी गेली, आणि तिच्या जागी दुसरी कोणी दिली नाही.

आता अक्षरांचं बघा. जुन्या फॉन्टांत प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले क्रमांक दिलेले होते. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य चिन्हं दिसत, आणि कित्येकदा सगळं पुन्हा टाइप करावं लागे. तो भार बोटांवरच पडे. युनिकोडने ही अडचण सोडवली. त्यात आपल्या उपनगरांचाही वाटा आहे. पवईच्या आयआयटीत शिकवणारे र. कृ. जोशी पुढे जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत काम करू लागले. त्यांनी घडवलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट विंडोज २००० बरोबर घराघरांतल्या संगणकांवर पोचला.

देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. त्यांना जागा द्यायची म्हणून मधलं अक्षर लहान होतं. त्यामुळे इंग्रजीला पुरणारा १२ पॉइंट मराठीला अपुरा पडतो आणि आपण मान पुढे काढून बसतो. तेव्हा छापायचं माप काहीही असो, टाइप करताना पडद्यावर अक्षर मोठं करून घ्या. त्याने छपाईत काही बदलत नाही. कीबोर्ड इन्स्क्रिप्टचा शिका. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात, म्हणून बाराखडीचं काम दोन्ही हातांत वाटलं जातं.

पडदा हातभर लांब असावा, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. हस्तलिखित मांडीवर नको, पडद्याशेजारी उभं लावा. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट घ्या. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघा, पापण्या मिटा-उघडा.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्हाला पानामागे पैसे मिळतात. उठलो तर पान राहतं. अगदी खरं. म्हणूनच ही गोष्ट नुसत्या व्यायामाने सुटणारी नाही. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा झाला, तेव्हा त्यातल्या कामाच्या तासांच्या आणि विश्रांतीच्या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागांनाच लागू झाल्या. दोन संगणकांचं दुकान आणि घरी बसून टाइप करणारी बाई त्याबाहेरच राहिल्या.

मग मागायचं काय? विश्रांती धरून पानाचा दर. दुसऱ्या-तिसऱ्या प्रूफाच्या दुरुस्त्यांचे वेगळे पैसे. उंची कमी-जास्त होणारी खुर्ची. एकटीने मागितलं तर काम दुसरीकडे जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून आपल्या स्टेशनाजवळच्या सगळ्या जणींची एक वही करा. रोज किती पानं, किती तास, कुठे दुखतं, किती पैसे मिळाले, एवढंच तीत लिहा. तीन महिन्यांनी सगळ्या वह्या एकत्र मांडू आणि दर ठरवायला एकत्रच जाऊ.